दुखण्याचं माप

आमच्याकडं खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. माप घालणारा मध्ये बोलत नाही. कुणी हाक मारली तरी वळून बघत नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, माप घालण्यात पटाईत होते. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. भावाभावांच्या वाटण्या असल्या की मापाला आण्णांनाच बोलावणं यायचं, कारण त्यांच्या हातून एकाला मूठभर जास्त आणि दुसऱ्याला मूठभर कमी असं कधी झालं नाही. माप संपलं तरी ते लगेच उठायचे नाहीत. राशीवरून हात फिरवत बराच वेळ बसून राहायचे. आम्हा पोरांना वाटायचं, आण्णा रास डोळ्यांत भरून घेतायत.

अशा माणसाच्या घरात मी वाढलो. मंगळवेढा तालुका, काळी रानं, रब्बीची ज्वारी. १९७६ साली दहावी झालो आणि आण्णांच्या हाताखाली रानात आलो तो आजपर्यंत. रानातलं सगळं मोजायला शिकलो. एकराला बी किती, कडब्याच्या पेंढ्या किती, बाजारात कुणी काटा मारला तर तो किती, हे नजरेनं कळायला लागलं. दुखणं तेवढं मोजता आलं नाही. माझंही नाही आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचंही नाही. त्याचीच ही गोष्ट.

माझी कंबर गेली ती २०१४ च्या मार्चमध्ये. त्या साली फेब्रुवारी संपता संपता महाराष्ट्रात गारपीट सुरू झाली ती मार्चमध्येही थांबेना. आमची मळणी झालेली, अंगणात ज्वारीची पोती पडलेली. दुपारी आभाळ भरून आलं. थोरला पोरगा तालुक्याला गेलेला. गड्यांची वाट बघत बसलो असतो तर सगळं भिजलं असतं. मग मी आणि कारभारीण, दोघांनीच पोती आत न्यायला सुरुवात केली. क्विंटलाचं पोतं मी जन्मभर पाठीवर टाकलेलं, त्याचं काही वाटायचं नाही. चौथं की पाचवं पोतं उचलताना कमरेत ‘कट्’ झालं, ऊस मोडल्यासारखं. मी तिथंच गुडघ्यांवर बसलो. पाऊस आला. कारभारणीनं उरलेली पोती एकटीनं ओढत सोप्यात नेली आणि मग मला नेलं.

सगळ्यांना वाटलं उसण भरली. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ बसली म्हणजे ती निघते, असं आमच्याकडं मानतात. पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेला. आमच्या आळीत नववीतला एक पोरगा पायाळू होता, त्याला बोलावलं. मोठ्या माणसाला लाथ कशी मारायची म्हणून बिचारा लाजला. आधी माझ्या पाया पडला आणि मग हळूच लाथ मारली. सगळे हसले, मीही हसलो. कंबर होती तशीच राहिली.

मग तेल झालं, तापवलेल्या विटेचा शेक झाला, पट्टा झाला. डॉक्टरचं इंजेक्शन घेतलं की तीन दिवस बरं, चौथ्या दिवशी पुन्हा तेच. दुकानातून आणलेल्या गोळ्या खाऊन खाऊन पोटात आग पडायला लागली. शेवटी सोलापूरला जाऊन एमआरआय काढला. मणक्यातली गादी सरकलीय आणि डाव्या पायात उतरणारी शीर दबलीय, असं निघालं. एका डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं, दुसऱ्यानं नको म्हणून सांगितलं. खर्चाचा आकडा ऐकल्यावर आम्ही दुसऱ्याचं ऐकलं. त्यानंतर आठ वर्षं मी ते दुखणं घेऊन जगलो.

त्या आठ वर्षांत काय झालं ते नीट सांगायला पाहिजे, कारण बाहेरून काहीच दिसत नव्हतं. हात मोडला तर प्लास्टर दिसतं. ताप आला तर अंगाला हात लावून कळतो. कंबरदुखी दिसत नाही. पारावर गेलो की लोक म्हणायचे, “तब्येत तर झ्याक दिसतीया की!” दिसणारच. काम सुटलं तसं वजन वाढलं होतं.

सकाळी उठणं हेच एक काम होऊन बसलं. आधी कुशीवर वळायचं, मग हाताचा रेटा देऊन बसायचं, मग भिंतीला धरून उभं राहायचं. पायातलं घालायला वाकता येईना, म्हणून नुसता पाय सरकवता येईल अशी चप्पल घेतली. धोतर सोडून पायजमा धरला. संडासला उकिडवं बसता येईना. खुर्चीचा संडास करून घेऊ म्हणून पोरगा म्हणाला, तर ते मला अगदीच म्हाताऱ्या माणसाचं वाटलं. वर्षभर मी नको म्हणत राहिलो आणि वर्षभर हाल काढले.

रानातलं तर एकेक काम हातातून गेलं. आमच्याकडं ज्वारी मुळासकट उपटतात. कमरेत वाकून दोन्ही हातांनी ताटं धरायची आणि हिसका द्यायचा. दिवसभरात असे किती हिसके बसतात त्याला गणती नाही. पहिलं ते गेलं. मग खुरपणी गेली. मग दारं धरायचं गेलं. लाईट रात्रीची असली की पाणी रात्रीच द्यावं लागतं, आणि चिखलात पाय रुतला की कमरेपासून अंगठ्यापर्यंत करंट गेल्यागत व्हायचं. शेवटी राहिलं ते पाखरं राखायचं. तेही माळ्यावर चढता येईना म्हणून खाली बांधावर बसून. जे काम पोराटोरांचं, ते माझ्याकडं आलं.

माणसांतलं जाणं-येणंही तुटलं. कार्तिकीला आम्ही चार-सहा जण पंढरपूरला चालत जायचो, ते बंद झालं. लग्नात पंगतीला मांडी घालून बसता येईना. बाजूला खुर्ची घेऊन बसावं तर वाटायचं, लोक बघतायत. हळूहळू लग्नांनाच जाईना झालो. “रानात काम हाय” म्हणून सांगायचं, आणि रानात तर मला कामच उरलेलं नव्हतं. माझा एक चुलतभाऊ वारला. लहानपणी आम्ही एका विहिरीत पोहायला शिकलेलो. तिरडी उचलायची वेळ आली, सगळे पुढं सरले, मी मागं उभा राहिलो. कुणी काही बोललं नाही. पण त्याला खांदा दिला नाही हे माझ्या मनातून अजून जात नाही.

झोप तर गेलीच होती. रात्री दीड-दोनला जाग यायची. अंगणात फेऱ्या मारायच्या, दमलं की सोप्यात बसायचं. वाटायचं, सगळं गाव झोपलंय आणि मी एकटाच जागा आहे.

आणि राग. मी मुळात तापट माणूस नव्हे. पण एकदा नातू घोडा घोडा करत पाठीवर चढायला आला, तर मी त्याला असा हिसडला की पोरगं कोलमडलं. पुन्हा ते कधी माझ्या पाठीकडं आलं नाही. एकदा दावं सोडताना बैलानं मान हलवली आणि माझ्या कमरेला झटका बसला. मी हातातल्या काठीनं त्याला मारत सुटलो. पोरानं येऊन काठी धरली. त्या मुक्या जनावराची काय चूक? घरात मी पाय टाकला की चाललेली बोलणी थांबायला लागली. मला ते कळत होतं, आणि कळत होतं म्हणून आणखी राग येत होता.

२०२२ ची दिवाळी झाल्यावर माझ्या भाचीनं मला धरूनच सोलापूरला नेलं. ती तिथं नर्स आहे. कारभारीण बरोबर होती. एका दवाखान्यात जुनाट दुखण्याची माणसं तपासायची वेगळी ओपीडी होती. तिथल्या फिजिओथेरपीच्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या.

“काका,” त्या म्हणाल्या, “शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे याहून जास्त दुखणं असूच शकत नाही. तर आत्ता किती दुखतंय?”

मी विचारात पडलो. एकदा कडबा रचताना मला विंचू चावला होता. दुसऱ्या दिवसापर्यंत मी गडबडा लोळत होतो. दहा म्हटलं तर ते. पण विंचवाचं दुसऱ्या दिवशी उतरलं, आणि हे आठ वर्षं उतरलेलं नाही. मग मोठं कुठलं धरायचं?

“चार,” मी म्हणालो.

कारभारणीनं माझ्याकडं बघितलं. खरं सांगायचं तर चार मी लाजेनं म्हणालो. पोरीच्या वयाच्या बाईसमोर सात-आठ कसं म्हणायचं? आमच्याकडं गड्यानं कण्हायचं नसतं.

मॅडमनी चार लिहून घेतला आणि विचारलं, “कसं दुखतं?”

हे मात्र मला सांगता आलं. म्हणालो, कमरेत रग आहे, ती दिवसभर असते. वाकलो की चमक निघते. पायात कळ उतरते. पोटरीत मुंग्या आणि तळव्यात भगभग. रात्री ठणका. रग म्हणजे ठणका नव्हे आणि ठणका म्हणजे कळ नव्हे. रग काम केल्याची असते, ठणका आतून ठोके देतो, आणि कळ आली की माणूस बोलता बोलता थांबतो. मॅडम भराभर लिहून घेत होत्या. म्हणाल्या, “काका, हे फार कामाचं आहे.” मग त्यांनी सांगितलं की कॅनडात रोनाल्ड मेल्झॅक नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९७५ साली दुखण्याच्या शब्दांचीच एक प्रश्नावली छापली. तिच्यात ७८ शब्द आहेत आणि त्यांचे २० गट पाडलेत. कारण शीर दुखत असली तर माणूस भगभग, मुंग्या, करंट असे शब्द वापरतो, आणि सांधा किंवा स्नायू दुखत असला तर वेगळे. मला बरं वाटलं. आमच्या आया-आज्यांनी हे शब्द वेगवेगळे करून ठेवलेत ते उगीच नव्हे.

मग त्यांनी एक कागद काढला. म्हणाल्या, ही कमरेच्या दुखण्याची प्रश्नावली, ऑस्वेस्ट्री तिचं नाव. ऑस्वेस्ट्री हे इंग्लंडमधलं एक गाव, तिथल्या हाडांच्या दवाखान्यात ती तयार झाली आणि १९८० साली छापली. दहा भाग, प्रत्येक भागात सहा वाक्यं, शून्य ते पाच मार्क. दुखण्याचा जोर किती, स्वतःचं आवरता येतं का, ओझं उचलता येतं का, चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, नवरा-बायकोचा संबंध, चार माणसांत मिसळणं, प्रवास.

मी ऐकत गेलो आणि माझ्या लक्षात आलं, दुखण्याबद्दल असा यात एकच भाग आहे. बाकीचे नऊ, दुखण्यानं काय काय नेलं ते विचारतात.

‘खुर्चीत किती वेळ बसता येतं’ असं आलं तेव्हा मी म्हणालो, “मॅडम, खुर्चीत मी दवाखान्यात आल्यावरच बसतो. उकिडवं बसायचं इचारा, मांडी घालायचं इचारा.” त्या हसल्या आणि कागदाच्या कडेला ते लिहिलं. आठव्या प्रश्नाला त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. मी वाचला, कारभारीण भिंतीकडं बघायला लागली. “हा सोडला तरी चालतो,” मॅडम म्हणाल्या. आम्ही सोडला. मग पन्नासऐवजी पंचेचाळीसवर हिशेब.

पंचेचाळीसपैकी सव्वीस. शेकडा अठ्ठावन्न. चाळीसच्या वर साठपर्यंत म्हणजे दुखण्यानं माणसाला चांगलंच अडवलंय असं धरतात. मी भाचीला म्हणालो, “दहावीला मला बावन्न टक्के पडले हुते. हितं सहा जास्ती पडले. अजून दोन पडले असते तर फर्स्ट क्लास.” ती हसली. कारभारीण हसली नाही.

दुसरा कागद मनाचा होता. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांचे. कशात मन लागत नाही असं होतं का, उदास वाटतं का, झोप, थकवा, भूक, आपण घरच्यांच्या काही कामाचे नाही असं वाटतं का. प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क. कमरेसाठी आलेल्या माणसाला हे कशाला विचारतात, असं मला वाटलं. तरी उत्तरं देत गेलो.

“शेवटचा प्रश्न, काका. आपण मेलो असतो तर बरं झालं असतं, किंवा स्वतःला काही करून घ्यावं, असं मनात आलं का?”

“न्हाई,” मी म्हणालो. लगेच म्हणालो.

कारभारीण इतका वेळ गप्प होती. “आलंय त्यास्नी,” ती म्हणाली. “मला ठावं हाय.”

फवारणीचं औषध आमच्या सोप्यात वरच्या फळीवर असायचं. त्या उन्हाळ्यात ते तिथं दिसेना. मी विचारलं होतं तर ती म्हणाली होती, संपलं. आता मॅडमना ती सांगत होती, “रातीचं उठून फळीकडं बगत बसायचं. चार-पाच राती बगितलं म्या. मग थोरल्या जावंच्या वस्तीवर न्हेऊन कुलपात ठिवलं. ह्यास्नी सांगितलं न्हाई.”

मी खाली मान घालून बसलो. मी समजत होतो रात्री मी एकटाच जागा असतो. ती पांघरुणाआडून माझ्यावर राखण ठेवून होती. आणि मी दुखण्याला चार मार्क देऊन आलेला.

त्याच दिवशी मला मनाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. मी कुरकुरलो, वेड्यांचा डॉक्टर कशाला म्हणून. त्यांनी माझं तासभर ऐकून घेतलं. इतका वेळ माझ्या कमरेबद्दल कुणी ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, खूप दिवस दुखलं की झोप जाते, झोप गेली की मन खचतं, आणि मन खचलं की तेवढंच दुखणं दुप्पट लागतं. हा फेरा कुठून तरी तोडायचा. रात्रीची एक लहान गोळी दिली, ती शिरेच्या दुखण्याला आणि झोपेला दोन्हीला चालते म्हणाले. एक नंबरही दिला, १४४१६. सरकारनं त्याच ऑक्टोबरात सुरू केलेली टेली मानस म्हणून सेवा. फोन फुकट, रात्री-अपरात्री कधीही करा, मराठीत बोलतात. मला तो लावायची वेळ आली नाही, पण रात्री दोन वाजता सोप्यात बसणारा कुणी हे वाचत असेल तर त्याला माहीत असावा म्हणून इथं लिहिला.

मॅडमनी दुखणं समजावून सांगितलं. तीन महिन्यांच्या पुढं गेलं की ते जुनाट धरतात. तोवर मूळची जखम बरीचशी भरत आलेली असते, पण शिरांना आणि मेंदूला दुखण्याची सवय लागून जाते. मला ते माझ्या भाषेत समजलं. माळ्यावरचा राखण्या पाखरं आली की डबा बडवतो. पण काही राखणे असे घाबरट असतात की पाखरं उडून गेली तरी बडवत राहतात, ढगाची सावली पडली तरी बडवतात. माझ्या कमरेतला राखण्या तसा झाला होता. त्याला हाकलता येत नाही. हळूहळू भरवसा द्यावा लागतो, की बाबा, आता पाखरं नाहीत.

माझी आणखी एक चूक त्यांनी काढली. जरा बरं वाटलं की मी दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकायचो आणि मग चार दिवस खाटेवर. त्या म्हणाल्या, दुखायला लागेपर्यंत चालायचं नाही, घड्याळ बघून चालायचं. दहा मिनिटं म्हणजे दहाच. बरं वाटलं तरी दहा आणि दुखलं तरी दहा. आठवड्यानं बारा करायची. शेतकऱ्याला हे अवघड. वापसा आला की पेरायचं ही आमची रीत, घड्याळ बघून कोण पेरतो? पण मी केलं. नातवाची कोरी वही घेतली. रोज रात्री लिहायचं: आकडा किती, झोप किती, चाललो किती, आणि आज काय केलं.

शेवटच्या रकान्यानंच मला वर काढलं. सुरुवातीला आकडा सात असायचा, आता खरा लिहीत होतो. सहा महिन्यांनी तो पाच झाला. म्हणजे फार उतरला असं नाही. पण शेवटच्या रकान्यात आधी ‘काही नाही’ असायचं, तिथं ‘पायजम्याची नाडी बसून न ओढता उभ्यानं बांधली’, ‘बाजाराला एसटीनं गेलो’, ‘नातवाला गोफण शिकवली’ असं यायला लागलं. पुन्हा ऑस्वेस्ट्रीचा कागद भरला. पंचेचाळीसपैकी पंधरा, शेकडा तेहतीस. पस्तीसला पास असतं. मी दुखण्यात नापास झालो. मॅडमना सांगितलं तर त्यांनी भाचीला बोलावून पुन्हा ते ऐकवलं. मनाच्या कागदाचे मार्कही निम्म्यावर आले आणि शेवटच्या प्रश्नाला शून्य आलं. या वेळी खरं शून्य.

वही लिहिता लिहिता एका रात्री आण्णा आठवले.

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. रानात काही नव्हतं. आण्णा आणि आई पाझर तलावाच्या कामावर जायचे, आण्णा दगड फोडायला आणि आई पाट्या टाकायला. मिलो ज्वारीच्या भाकरी आणि सुकडी, यावर आम्ही ते वर्ष काढलं. त्या कामावर दगड उचलताना आण्णांच्या कमरेत काहीतरी झालं. चार दिवस ते घरी पडून होते, पाचव्या दिवशी कमरेला धोतराचा पट्टा आवळून कामावर गेले, कारण हजेरी बुडली तर पगार बुडायचा. त्यानंतर मरेपर्यंत तो पट्टा त्यांच्या कमरेला होता. आणि त्याच्यानंतरच आमचे आण्णा तिरसट झाले. भाकर जरा करपली तर ताट सरकवून द्यायचे. आम्ही पोरं हसत असलो आणि ते आले की गप्प व्हायचो. आम्ही समजायचो, आण्णांचा स्वभावच तसा. त्यांचा तो स्वभाव नव्हता. दुष्काळाच्या आधी याच माणसानं मला खांद्यावर बसवून जत्रेला नेलं होतं.

माप संपल्यावर राशीवरून हात फिरवत ते बसून राहायचे, ते रास डोळ्यांत भरायला नव्हे. उकिडवं बसून अडकलेली कंबर सुटेपर्यंत त्यांना उठता येत नव्हतं. चार लोकांत ते दिसू नये म्हणून हात फिरवत राहायचे. त्यांना जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली आणि मला हे आत्ता कळलं. त्यांना कुणी दहापैकी किती असं विचारलं नाही. मीही नाही. मी तर पुढं पुढं त्यांच्याशी बोलणंच कमी केलं होतं.

मॅडमनी एकदा सांगितलं होतं, दुखण्याचा अभ्यास करणाऱ्यांची जगभरची एक संघटना आहे, तिनं २०२० साली दुखण्याची व्याख्या नव्यानं लिहिली. तिच्यात असं आहे की दुखणं ज्याचं त्याचं असतं, आणि माणूस दुखतं म्हणाला तर त्याचं म्हणणं मानावं. मी म्हणतो, जो म्हणतो त्याचं ठीक आहे. जो म्हणतच नाही त्याचं काय?

त्या रात्री वही मिटली आणि आत गेलो. कारभारीण ओट्याशी उभी राहून भाकरी थापत होती. मी बघत राहिलो. ही बाई जन्मभर चुलीपुढं बसून भाकरी करायची. गॅस आला तेव्हा तोही तिनं भुईवरच मांडला होता. मग ओटा करून घेतला, मला वाटलं हौस असेल.

“उभ्यानं कदीपासनं करतीस भाकरी?” मी विचारलं.

“झाली की लई वर्सं.”

“का पण?”

“गुडघं मोडत न्हाईत.” तिनं भाकरी तव्यावर टाकली. “आज काय झालंय तुमास्नी?”

मी वही उघडून तिच्यासमोर पाटावर बसलो. मॅडमचा कागद कमरेचा, तो काही गुडघ्याला चालणार नव्हता. मी माझ्या मनानं विचारत गेलो. दुखण्यानं तुझं काय काय नेलं, सांग. आधी तिनं हसण्यावारी नेलं. मग भाकरी उलथता उलथता एकेक बोलायला लागली. पंचमीला फुगडी सुटली. महादेवाच्या देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत, खालनंच हात जोडते. खुरपायला बायकांच्या मागं राहते, त्या हसतात म्हणून आता रोजानं जात नाही. रात्री जाग यायची ती नुसती माझ्यासाठी नव्हे, गुडघ्यांनीही यायची.

“कदीपासनं हाय ह्ये?”

ती जरा थांबली. “गारपिटीच्या सालापासनं. पोती वडली तवा कायतरी झालं हुतं. तुमी कमर धरून बसला हुता, मग म्या काय सांगायचं?”

तव्यावरची भाकर करपायला लागली होती. तिनं ती काढली, गॅस बारीक केला.

मी वहीत नवं पान काढलं. वर तिचं नाव लिहिलं, खाली माझ्यासारखेच चार रकाने आखले. विचारलं, “शून्य ते धा. आत्ता किती दुखतंय?”

“लिवा की, चार.”

मी लिहिलं नाही. पेन पाटावर ठेवलं आणि म्हणालो, “खरं सांग.”